स्मरणिकेचे वजन

चित्राला वजन असते, ही गोष्ट वीस वर्षे चित्रकला शिकवूनही मला ठाऊक नव्हती. कागदाला वजन असते, चौकटीला असते, भिंतीतल्या खिळ्याला ते पेलावे लागते. पण नुसत्या चित्राला? माझ्या वर्गात एकाने हत्ती काढला आणि दुसऱ्याने मुंगी, तरी वह्या घरी नेताना पिशवीला काही फरक कळत नाही. मग संगणकाच्या पोटात एक चित्र एक एमबीचे आणि दुसरे अठ्ठेचाळीस एमबीचे कसे असते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, माझ्याच एका विद्यार्थिनीच्या शेजारी खुर्ची ओढून शिकावे लागले.

त्याचे असे झाले. जिंतूर तालुक्यातली आमची शाळा १९६४ सालची. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षांत मराठवाड्यात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांतलीच ही एक. पहिली दोन वर्षे ती मारुतीच्या देवळात भरली, मग पत्र्याच्या खोल्या आल्या, मग स्लॅब आला. २०२४ साली तिला साठ वर्षे होत होती. संस्थेच्या बैठकीत हीरक महोत्सवाची स्मरणिका काढायचे ठरले आणि, "आपले मास्तर कादंबऱ्या लिहितात की!" असे म्हणून ती माझ्या गळ्यात घालण्यात आली. माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत; म्हणजे छापलेल्या आहेत. प्रसिद्ध हा शब्द आपण मराठी लेखक फार उदारपणे वापरतो. शिक्षण म्हणाल तर मी मॅट्रिक, आणि त्यापुढे चित्रकलेच्या परीक्षा. पण गावात लिहिणारा आणि रंगवणारा असा एकच माणूस सापडला की त्याच्या पदव्या कोण विचारतो?

लेख गोळा करायला मला चार महिने लागले. फोटो मात्र आठ दिवसांत इतके आले, की दिवाळीत दारासमोर फटाक्यांची टरफले साचावीत तसे साचले. कुणी ट्रंकेच्या तळातला पिवळा पडलेला ग्रुप फोटो आणून दिला, कुणी चौकटीसकट भिंतीवरून काढून आणला, आणि पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी मोबाईलवरून वर्षाव केला. आपापल्या मुलांचे, आपापल्या नव्या गाड्यांचे, एकाने तर शाळेचा म्हणून स्वतःच्या बंगल्याचा फोटो पाठवला.

हे सगळे घेऊन मी परभणीला गेलो. स्टेशन रोडवर एक डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध तिथे होतात. ते चालवणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. चित्रकलेत तिला मी कधी पन्नासाच्या वर गुण दिले नव्हते, आणि तिने हे मनात ठेवले नव्हते, हा तिचा मोठेपणा. दोनशे अठ्ठ्याऐंशी पाने धरली होती. सोळा पानांचा एक, असे अठरा फॉर्म. मी फोटो देत गेलो, ती पानावर लावत गेली. शंभराच्या आसपास पाने झाली आणि एके दिवशी दुपारी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला.

"सर, मशीन दम टाकायलंय," ती म्हणाली. "फाईल नऊशे एमबीची झाली की!"

संगणक बंद करून पुन्हा चालू केला. फाईल उघडली नाही. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून दिवसाचेच काम गेले, चार महिन्यांचे नाही. तिने दोन चहा सांगितले आणि मग, मी पूर्वी फळ्यावर छाया-प्रकाश समजावून देई त्याच शांतपणे, मला चित्राचे वजन समजावून दिले.

चित्र म्हणजे ठिपके. छापायला इंचाला तीनशे ठिपके लागतात. सहा इंच बाय चार इंचाचा फोटो घेतला तर आडवे अठराशे, उभे बाराशे; गुणाकार एकवीस लाख साठ हजार. फोटो काळा-पांढरा असेल तर एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे सुमारे दोन एमबी. पडद्यावरचा रंगीत असेल तर तिप्पट, कारण प्रत्येक ठिपक्यापाशी तीन रंगांचा हिशेब. आणि छपाईच्या चार शाईंसाठी तयार केला तर चौपट. मी गावातल्या स्कॅनरवर सगळे जुने फोटो रंगीत म्हणून, आणि चांगले यावेत म्हणून इंचाला सहाशे ठिपक्यांनी स्कॅन केले होते. ठिपके दुप्पट केले की वजन दुप्पट होते अशी माझी समजूत. ते चौपट होते, कारण आडवेही दुप्पट आणि उभेही दुप्पट. वर काळ्या-पांढऱ्याचे रंगीत केल्याने तिप्पट. दोन एमबीचा फोटो मी हौसेने सव्वीस एमबीचा करून आणला होता. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या हेडमास्तरांच्या काळ्या कोटाला त्या रंगांचा काय उपयोग, हे मला सांगता येईना.

मोबाईलच्या फोटोंची तऱ्हा आणखी न्यारी. चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा फोटो, छपाईसाठी चार रंगांत उलगडला की अठ्ठेचाळीस एमबी होतो, आणि आम्ही तो पानावर टपालाच्या तिकिटाएवढा लावलेला. "पानावर लहान दिसतो म्हणून आत लहान नसतो सर," ती म्हणाली. उलट, ज्यांचे फोटो पानभर मोठे लावायचे होते, ते मोबाईलवरून दहा जणांच्या हातून फिरत, दर वेळी बारीक होत आलेले. छापले तर चौकोनी फरश्या दिसल्या असत्या. जे लहान हवे ते अवजड, आणि जे मोठे हवे ते हलके! संस्थांच्या कारभारातही मी हे पाहिले आहे, पण तो विषय इथे नको.

तिचे पाने लावण्याचे काम पेजमेकरवर चालते. तो १९८५ साली अमेरिकेत सिॲटलच्या आल्डस कंपनीने काढला. आल्डस हे नाव पाचशे वर्षांपूर्वीच्या व्हेनिसच्या एका मुद्रकाचे; हातात सहज धरता येतील अशी लहान पुस्तके छापण्याबद्दल तो नावाजलेला. १९९४ साली ॲडोबी कंपनीने आल्डस घेतली, २००१ नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती निघाली नाही, पण तिच्या दुकानातल्या जुन्या मराठी टंकांचा सगळा संसार त्यातच मांडलेला आहे आणि संसार काही नवी आवृत्ती निघाली म्हणून मोडता येत नाही. या पेजमेकरला एक चांगली खोड आहे. जड चित्र पानावर आणले की तो विचारतो: याची पूर्ण प्रत माझ्या पोटात ठेवू का? हो म्हटले की चित्र फाईलच्या आत येऊन राहते. नाही म्हटले तर पानावर नुसती त्याची सावली राहते, आणि खरे चित्र कुठल्या कप्प्यात आहे त्याचा पत्ता. त्याला लिंक म्हणतात. छापायच्या वेळी तो त्या पत्त्यावर जातो आणि खरे चित्र घेऊन येतो. तिच्या हाताखालच्या पोराने दर वेळी हो म्हटले होते. त्याचा स्वभावच तसा. नाही म्हणता येत नाही.

दुसरी खोड वाईट. नुसते 'सेव्ह' म्हटले की पेजमेकर जुने पुसून टाकत नाही, नवे शेवटी जोडत जातो. पान दहादा बदलले की दहाही वेळचा पसारा आत. आमच्या वाड्याच्या माळ्यासारखे. टाकायचे काही नाही, वर चढवायचे. 'सेव्ह ॲज' म्हणून नवे नाव दिले की मात्र दिवाळीची झाडलोट व्हावी तशी अडगळ निघून जाते. नुसत्या त्या एका झाडलोटीने आदल्या रात्रीची फाईल पावणेतीनशे एमबीने उतरली, आणि मला उगाचच अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

मग तिने सारे नव्याने मांडले. अठरा फॉर्मच्या अठरा फायली, म्हणजे एक बिघडली तर सोळाच पानांचे नुकसान. प्रत्येक फोटो आधी फोटोशॉपमध्ये नेऊन, पानावर जेवढा दिसणार तेवढाच करून, काळा-पांढरा असेल तर काळा-पांढराच ठेवून, एका कप्प्यात नंबर घालून ठेवायचा, आणि पानावर फक्त त्याची लिंक. मी शेजारी बसून नंबर घालत असे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, त्या काळी चित्र छापायचे तर धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि त्याचे पैसे चौरस इंचावर मोजावे लागत. संपादक दहादा विचार करत असतील, कुणाचे तोंड किती इंच! आमच्यावर ती पाळी शंभर वर्षांनी एमबीच्या रूपाने आली.

या कामात १९७८ सालचा ग्रुप फोटो आला. सत्तावीसाव्या पानावर पुढच्या रांगेतले पाच जणच मोठे दिसायला हवे होते. मधले गृहस्थ आजच्या अध्यक्षांचे वडील. मी चौकट ओढून पाचांवर आणली होती. बाकीचे दिसेनासे झाले, म्हणजे गेले, असा माझा हिशेब.

"गेले नाहीत सर," ती म्हणाली. "चौकटीच्या मागं सगळे बसलेत. त्यांचं वजन फाईलला आहेच. फोटोशॉपात नेऊन कापते त्यांना." आणि खात्री पटवण्यासाठी तिने चौकटीतला फोटो उजवीकडे सरकवला. चौकट हलली नाही. आतली माणसे सरकली. डावीकडून दोन शिक्षक आले, मग एक खुर्चीची पाठ आली, आणि अगदी काठाला, रांगेत नव्हे, रांगेपासून हातभर दूर, पांढऱ्या टोपीतला एक माणूस हातात लोखंडी गज घेऊन उभा राहिला.

"थांब," मी म्हणालो. "हे मामा."

शाळेच्या शिपायाला मामा म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. पण आमचे मामा पहिल्या दिवसापासूनचे. आमची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो पूर्णा जंक्शनवरून बैलगाडीत घालून त्यांनीच आणला, असे ते सांगत. त्या गजाचे टोल त्यांनी चौतीस वर्षे दिले. मी पाचवीत होतो तेव्हा फळ्याखाली पडलेले रंगीत खडूंचे तुकडे ते कागदाच्या पुडीत जमवून ठेवीत आणि शनिवारी माझ्या हातावर ठेवीत. शाळेच्या मागच्या फरशीवर मी त्या तुकड्यांनी चित्रे काढी. सोमवारी घंटेच्या आधी मामा ती पाण्याने धुऊन टाकीत आणि मला काही बोलत नसत. मी चित्रकलेचा शिक्षक कुठे झालो, असे कुणी विचारले तर ती फरशी दाखवावी लागेल.

आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी पानांच्या स्मरणिकेत मामा नव्हते. कुणी पाठवलेच नव्हते. मला सुचले नव्हते, हे अधिक खरे.

त्या रविवारी मी मामींकडे गेलो. मामांना जाऊन बरीच वर्षे झाली. मामी वस्तीवर धाकट्या मुलाजवळ असतात. घरात मामांचा एकही फोटो नव्हता. एक होता, तो कसल्याशा अर्जाला लावायला कुणी नेला आणि परत आला नाही. मी ग्रुप फोटोचे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तर, एक बुक मला ठिवा. वाचता येत नाही मला. पण बघंन."

मूळ फोटोत मामा कमरेपासून टोपीपर्यंत जेमतेम एक इंच उंच आणि पाऊण इंच रुंद. आम्ही तेवढाच तुकडा इंचाला बाराशे ठिपक्यांनी, काळा-पांढरा म्हणून स्कॅन केला. नऊशे बाय बाराशे ठिपके. छापताना तीन इंच बाय चार इंच. वजन एक एमबी. शाईची दाणेदार साय आली होती, कपाळावर एक ओरखडा होता, पण डोळे होते. चौदाव्या फॉर्ममध्ये, पान दोनशे तेरावर मामांना जागा मिळाली. ग्रुप फोटोचे काय करायचे, तिने विचारले. पूर्ण लावला तर पाच जण लहान होत होते आणि अध्यक्षांचे वडील सुपारीएवढे. "काप," मी म्हणालो. मामा तर वेगळे घेतलेच होते.

आता यापुढे जे झाले त्यात दुकानाची चूक नाही आणि छापखान्याचीही नाही. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी मला निरोप आला, की पान दोनशे सोळावर अध्यक्षांच्या नावामागे 'श्री.' पडले आहे, ते 'मा.' हवे. परभणीला जायला एसटी उरली नव्हती. वाचून पाहण्यासाठी तिने मला फायली पेनड्राइव्हवर दिल्या होत्या. शाळेच्या संगणकावर पेजमेकर होता. मी चौदावी फाईल उघडली. संगणकाने विचारले: या चित्रांचा पत्ता सापडत नाही, काय करू? चित्रे परभणीला दुकानाच्या कप्प्यात होती आणि मी नुसती पाने घेऊन बसलो होतो. दुर्लक्ष करा, असे एक बटण असते. मी ते दाबले. पडद्यावर मामा दिसत होते. सावली होती ती. मी 'श्री.' चे 'मा.' केले, पीडीएफ काढली आणि रात्री अकरा वाजता छापखान्याला पाठवून समाधानाने झोपलो.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी पाचशे प्रती बांधून आल्या. मी आधी सत्तावीस पाहिले नाही, माझा लेखही पाहिला नाही. दोनशे तेरा उघडले. टोपीच्या जागी पांढऱ्या फरश्या, चेहऱ्याच्या जागी करड्या फरश्या. डोळे कुठे असावेत याचा अंदाज करावा लागत होता. त्या सोळा पानांतले आणखी तीन फोटो तसेच बिघडले होते, पण ते क्रीडादिन आणि वृक्षारोपणाचे. तसले दुसरीकडे सतरा होते. मा. मात्र स्वच्छ उठला होता.

तिला फोन केला. ती रागावली नाही, तेच मला लागले. "फोटो माझ्याकडं आहेच सर," एवढेच म्हणाली. लेसरवर एका कागदावर चार मामा, असे सव्वाशे कागद काढून तिने शेवटच्या एसटीत कंडक्टरजवळ दिले. खिचडीच्या चुलीवर मैद्याची खळ शिजवली. नववीची तीसेक मुले, दोन कात्र्या, माझी पट्टी. फरशीवर ओळीने प्रती उघड्या ठेवल्या आणि चिकटवत गेलो. दोन प्रतींत मामा उलटे लागले. त्या मी माझ्याकडे ठेवल्या आहेत. रात्री दीडला शेवटची प्रत मिटली. पुस्तक नीट मिटत नव्हते, दोनशे तेरापाशी फट राहत होती. आम्ही शाळेतल्या सगळ्या विटा त्यांच्यावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी प्रत चाळली आणि मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, शिपायाचा फोटो वेगळा चिकटवलात. आमचे वडील नुसते छापले?" त्यांना काय उत्तर दिले ते आता आठवत नाही, काहीतरी तांत्रिक दिले असावे.

मामी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना पान उघडून दिले. कागदावर कागद बसल्याने चौकोन किंचित वर आला होता. त्यांनी त्याच्या चारी कडांवरून बोट फिरवले. मग आत पाहिले.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "गज बी आलाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मास्तर, त्यो मोठा फोटू कुठाय? ज्यातून काढला?"

मी पान सत्तावीस उघडले. पाच जण, खुर्च्यांवर, गुडघ्यांवर हात ठेवून. मामींनी डावीकडून उजवीकडे पाहिले, मग उजवीकडून डावीकडे.

"ह्यात कुठं हायत?"

"इथं, ह्या काठाच्या बाहेर. पानावर जागा पुरेना, म्हणून कापलं, मामी."

"कुणी?"

"मीच."

"असंल," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक पदराने पुसून पिशवीत घातले. मग विचारले, वस्तीकडची एसटी पावणेपाचला आहे की पाचला. पावणेपाचला होती. मी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेलो.